छोट्या सर्व्हर रूमचं तापमान घरबसल्या कसं बघायचं, शून्यापासून

आधी एक किस्सा सांगतो म्हणजे पुढचं सगळं का करायचं ते कळेल. अकोल्यात एका पतसंस्थेचं हेड ऑफिस आहे, त्यांचा सर्व्हर, एनएएस (नेटवर्कवरून फाईली साठवणारा डिस्कचा डबा), नेटवर्क सगळं मी पुण्यात बसून सांभाळतो, महिन्यातून एकदा चक्कर. दोन-तीन वर्षांपूर्वीचा मे महिना, शनिवारी रात्री लाईट गेली, यूपीएसने पाऊण तास ओढलं, लाईट परत आली, सर्व्हर एक मिनिटही बंद पडला नाही त्यामुळे मला काही कळलंच नाही. सोमवारी सकाळी शिपाईमामांनी दार उघडलं आणि फोन केला, "साहेब, आतमध्ये भट्टी पेटलीय." सर्व्हरने रविवारी दुपारी स्वतःच स्वतःला बंद करून घेतलं होतं, एनएएस बिचारा चालूच होता, त्यातल्या एका डिस्कने पुढच्या महिन्याभरात राम म्हटला आणि यूपीएसच्या बॅटऱ्या फुगल्या.

मामांनी एसीचं बटण दाबलं आणि एसी मुकाट्याने सुरू झाला. म्हणजे एसी बिघडलाच नव्हता! जुना एसी, ऑटो रिस्टार्ट नाही, लाईट गेली की बंद आणि आली तरी बंदच. दीड दिवस तो रिमोटची वाट बघत बसला होता.

छोट्या सर्व्हर रूममध्ये बहुतेक वेळा हेच होतं. एसी कमी पडतो असं क्वचित, एसी बंद पडलाय हे कोणाला कळत नाही असं नेहमी. त्यामुळे आपल्याला जे बनवायचंय ते नुसतं थर्मामीटर नाही, कोणाचा तरी हात वेळेत एसीच्या बटणापर्यंत पोचला पाहिजे, तिथपर्यंतची अख्खी साखळी बनवायची आहे. सेन्सर हा त्यातला सगळ्यात सोपा आणि स्वस्त भाग.

पायरी १: आधी खोलीत जाऊन उभे राहा

काहीही विकत घ्यायच्या आधी दहा मिनिटं खोलीत थांबा आणि यूपीएसच्या डिस्प्लेवर लोड बघा. समजा ६०० वॅट दाखवतोय. सर्व्हर जेवढी वीज खातो तेवढी जवळजवळ सगळी उष्णता म्हणून बाहेर टाकतो, त्यामुळे तुमच्या खोलीत ६०० वॅटचा हीटर चोवीस तास चालू आहे असं समजा. १ वॅट म्हणजे तासाला ३.४१ बीटीयू, म्हणजे हे झाले साधारण २०५० बीटीयू, आणि १ टनाचा एसी तासाला १२,००० बीटीयू काढतो. भिंतीतून, छतातून येणारं ऊन वेगळं धरा, विदर्भात वरच्या मजल्यावर ते बरंच असतं, तरी एक टन पुरून उरतो. हा हिशोब केला की "मोठा एसी घेऊ का" हा प्रश्न बऱ्याचदा तिथेच मिटतो.

आता उलटा हिशोब. दहा बाय आठची खोली, दहा फूट उंची, म्हणजे आठशे घनफूट हवा, वजनात साधारण २७ किलो. १ किलोवॅटचा लोड असेल आणि एसी बंद पडला तर नुसत्या हवेचा विचार केला तर दर अर्ध्या मिनिटाला एक अंश वाढेल. प्रत्यक्षात भिंती, फरशी, रॅकचं (सर्व्हर ठेवायच्या लोखंडी कपाटाचं) लोखंड बरीच उष्णता पितात म्हणून वेग कमी होतो, पण मुद्दा लक्षात घ्या, आपल्याकडे तास नसतात, मिनिटं असतात.

आणि एक गोष्ट, यूपीएसवर सर्व्हर असतात, एसी नसतो. लाईट गेली की हीटर चालू आणि थंडावा बंद. यूपीएस जितका दमदार तितकी खोली जास्त तापते, हे नवीन माणसाच्या पटकन ध्यानात येत नाही, माझ्याही आलं नव्हतं.

पायरी २: जे फुकट मिळतंय ते आधी घ्या

तुमचा सर्व्हर ब्रँडेड असेल तर त्याच्या तोंडाशी आधीच एक सेन्सर बसवलेला असतो. डेलमध्ये आयड्रॅक, एचपीईमध्ये आयएलओ, आणि बाकी बहुतेकांत आयपीएमआय नावाचा प्रकार असतो, म्हणजे सर्व्हरवर लांबून नजर ठेवायची आतलीच सोय, तिथे लॉगिन केलं की इनलेट किंवा ॲम्बियंट, म्हणजे आत येणाऱ्या हवेचं तापमान दिसतं. लिनक्स असेल तर आयपीएमआयटूल नावाचा प्रोग्राम टाकून तोच आकडा कमांडने वाचता येतो. यूपीएसला नेटवर्क कार्ड असेल तर त्यावरही बऱ्याचदा तापमानाची प्रोब (वायरवाला सेन्सर) लावायची सोय असते. यातच ईमेल अलर्ट चालू करून ठेवा, अर्ध्या तासाचं काम आहे आणि बहुतेकदा रुपया लागत नाही.

मग यावरच का थांबायचं नाही? कारण सर्व्हरची वीजच गेली की त्यातला हा अलर्टवालाही आंधळा होतो, सर्व्हर दुसऱ्या रॅकमध्ये असेल तर एनएएस कुठे तापतोय ते त्याला दिसत नाही, आणि मुख्य म्हणजे ज्याला वाचवायचंय त्यालाच पहारेकरी नेमणं मला पटत नाही. पहारेकरी वेगळा पाहिजे, स्वस्त पाहिजे, आणि त्याचं दुसरं काही काम नको.

सीपीयूचं तापमान आणि खोलीचं तापमान यात गल्लत करू नका हां. सीपीयू ६५ दाखवतोय म्हणून घाबरून मला फोन करणारे लोक आहेत. सीपीयू ६५ ला आरामात असतो. आपल्याला हवी आहे ती सर्व्हरच्या पुढून आत जाणारी हवा.

पायरी ३: सामान

एक ईएसपी३२ बोर्ड, म्हणजे आपला प्रोग्राम चालवणारा तळहाताएवढा कॉम्प्युटर, वाय-फाय आतच असतं. डीएस१८बी२० नावाचा तापमानाचा सेन्सर, स्टीलच्या टोपणात बंद केलेला वॉटरप्रूफ प्रकार, तीन नग घ्या, स्वस्त आहेत. ४.७ किलोओहमचा एक रेझिस्टर (रंग पिवळा, जांभळा, लाल, शेवटी सोनेरी). एक ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता वायरी खोचायची भोकांची पट्टी), थोड्या जंपर वायरी, मोबाईलचा जुना चार्जर आणि यूएसबी केबल. केबल डेटावाली हवी, नुसती चार्जिंगची केबल लावून "बोर्ड डेड आला" म्हणून परत पाठवणारे मी बघितलेत. मुंबईत लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास फिरलात तर सगळं एका फेरीत मिळतं, नाहीतर ऑनलाईन आहेच.

डीएचटी११ नावाचा निळा सेन्सर दुकानदार हमखास पुढे करतो, तो घेऊ नका, त्यात दोन अंशांचा फरक पडू शकतो. डीएस१८बी२० अर्ध्या अंशापर्यंत बरोबर सांगतो आणि एकाच वायरवर अनेक लावता येतात कारण प्रत्येकाला कारखान्यातूनच वेगळा नंबर दिलेला असतो. कोकणात, मुंबईत, गोव्यात असाल तर दमटपणा मोजणारा डीएचटी२२ सोबत घ्या, विदर्भ-मराठवाड्यात मी त्या भानगडीत पडत नाही.

पायरी ४: जोडणी

सेन्सरला तीन वायरी. लाल ही ईएसपी३२ च्या ३.३ व्होल्ट पिनला, काळी ग्राउंडला, पिवळी डेटाची, ती जीपीआयओ ४ ला (बोर्डावर ४ नंबरची पिन). रेझिस्टर लाल आणि पिवळी यांच्या मध्ये. बस. रेझिस्टर विसरलात तर रीडिंग येतच नाही किंवा मनाला येईल तसं येतं. काही स्वस्त सेन्सरमध्ये वायरींचे रंग वेगळे असतात, त्यामुळे विकणाऱ्याचा फोटो बघून खात्री करा, उलटं जोडलं तर सेन्सर चटका बसेल इतका तापतो, बोट लावून लगेच कळतं. तिन्ही सेन्सर समांतर जोडायचे, लाल लालला, काळी काळीला, पिवळी पिवळीला, रेझिस्टर सगळ्यांमध्ये मिळून एकच.

ब्रेडबोर्ड चाचणीपुरता. महिनोन्महिने चालवायचं असेल तर सोल्डर करा किंवा स्क्रूवाला टर्मिनल लावा, ब्रेडबोर्डवरच्या वायरी सफाईवाल्या ताईंच्या झाडूला घाबरतात.

पायरी ५: प्रोग्राम

आर्डुइनो आयडीई, म्हणजे बोर्डाचा प्रोग्राम लिहायचं सॉफ्टवेअर, लॅपटॉपवर टाका, बोर्ड मॅनेजरमध्ये ईएसपी३२ शोधून इन्स्टॉल करा, मग लायब्ररी मॅनेजरमधून वनवायर आणि डॅलसटेंपरेचर या दोन लायब्ररी (आयते लिहिलेले कोड). डॅलसटेंपरेचरच्या उदाहरणांमध्ये सिंपल नावाचं उदाहरण आहे ते उघडा, वरती पिन नंबर २ लिहिलेला असतो तो ४ करा, अपलोड करा, सीरियल मॉनिटर (बोर्ड काय सांगतोय ते दाखवणारी खिडकी) ९६०० वर ठेवा, आकडा दिसायला लागेल. अपलोड करताना कनेक्टिंग म्हणून ठिपके ठिपके येत राहिले आणि पुढे सरकेना तर बोर्डावरचं बूट बटण दाबून धरा. एवढं झालं की सेन्सर मुठीत धरा, आकडा चढताना बघा, पहिल्यांदा बघताना मजा येते खरंच.

तपासणी घरच्या घरी करा. ग्लासात कुटलेला बर्फ भरा, त्यात थोडं पाणी, ढवळा, सेन्सर बुडवा, पाच मिनिटांनी शून्याच्या आसपास यायला पाहिजे. ०.४ दाखवला तर ठीक, ३ दाखवला तर तो सेन्सर चहाच्या भांड्यासाठी ठेवा.

आता दोन आकडे पाठ करून ठेवा, ८५ आणि उणे १२७. डीएस१८बी२० ला वीज मिळाली पण त्याने अजून मोजलंच नाही, अशा वेळी विचारलं तर तो ८५ सांगतो, आणि वायर सुटलेली असली तर लायब्ररी उणे १२७ देते. मला हे माहीत नव्हतं तेव्हा रात्री दोन वाजता मेसेज आला, सर्व्हर रूम ८५ अंश! मी झोपेतून उठून वॉचमन काकांना फोन, ते बिचारे बनियनवर धावत गेले, दार उघडलं, आत मस्त गारवा. काका म्हणाले, "इथं तर गोधडी लागते साहेब." तेव्हापासून माझ्या प्रोग्राममध्ये पहिली ओळ हीच, हे दोन आकडे आले तर तापमान समजू नका, सेन्सर बिघाड म्हणून वेगळा मेसेज पाठवा. गाळून फेकून देऊ नका बरं का, वायर सुटली हेही कळलंच पाहिजे.

पायरी ६: सेन्सर कुठे लावायचा

इथे सगळे चुकतात. पहिला सेन्सर रॅकच्या पुढच्या बाजूला, जिथून सर्व्हर हवा आत ओढतो तिथे, उंचीने वरच्या एक तृतीयांशात, कारण गरम हवा वर जाते आणि सगळ्यात वरचं मशीन आधी भाजतं. झिपटायने बांधा, पण टोपण थेट लोखंडाला टेकवू नका, हवेत लोंबू द्या. मागच्या बाजूला लावलात तर सर्व्हरने फेकलेली गरम हवा मोजाल आणि रोज उगाच घाबराल, एसीच्या झोताखाली लावलात तर खोली पेटली तरी १८ दाखवेल.

दुसरा सेन्सर एसीच्या ब्लोअरच्या तोंडाशी, जाळीत अडकवून. ही माझी सगळ्यात आवडती युक्ती आहे. एसी चालू असताना तिथली हवा खोलीपेक्षा बरीच थंड असते, आठ-दहा अंशांनी तरी. एसी बंद पडला, किंवा गॅस संपला आणि नुसता पंखा फिरतोय, तर हा फरक पाच मिनिटांत मिटतो, खोलीचं तापमान चढायच्या कितीतरी आधी. फक्त कॉम्प्रेसर मधेमधे कट होतो तेव्हाही फरक कमी होतो, म्हणून एका रीडिंगवर जाऊ नका, पंधरा मिनिटांची सरासरी घ्या.

तिसरा खोलीच्या बाहेर, पॅसेजमध्ये. तुलनेसाठी. बाहेर ४४ आणि आत २६ असेल तर एसी जीव तोडून काम करतोय, त्याला दोष देऊ नका.

ईएसपी३२ स्वतः रॅकच्या आत ठेवू नका, लोखंडी दारामुळे वाय-फाय मरतं. बोर्ड बाहेर भिंतीवर, आणि सेन्सरची वायर आत, दोन-तीन मीटरपर्यंत काही त्रास होत नाही. वाय-फाय २.४ गिगाहर्ट्झचंच लागतं, ५ वालं त्याला दिसत नाही. आणि लॉगिनचं पान उघडणारं हॉटेलसारखं वाय-फाय असेल तर ते चालणार नाही.

पायरी ७: किती अंशाला बोंब मारायची

ॲशरे नावाची अमेरिकन इंजिनियरांची संस्था आहे, डेटा सेंटरच्या तापमानाबाबतीत जग तिचं ऐकतं, तिची शिफारस आहे की सर्व्हरच्या तोंडाशी १८ ते २७ अंश असावं. बहुतेक सर्व्हरच्या कागदावर ३५ पर्यंत चालेल असं लिहिलेलं असतं. म्हणजे खोली फ्रीजसारखी १६ वर ठेवायची अजिबात गरज नाही, २४ वर ठेवा, बिल वाचेल. बॅटऱ्या मात्र नाजूक, यूपीएसमधल्या सीलबंद बॅटऱ्यांना २५ आवडतं आणि त्याच्या वर दर दहा अंशांना आयुष्य निम्मं होतं असा ढोबळ नियम आहे. शक्य असेल तर बॅटरी बँक खोलीतल्या सगळ्यात गार कोपऱ्यात, जमिनीलगत.

माझी मांडणी अशी: २८ ला पहिला मेसेज, ३२ ला बोंब, ३८ ला सर्व्हर आपोआप नीट शटडाऊन. पण तुम्ही आधी आठवडाभर नुसतं बघत राहा, काही अलर्ट लावू नका, तुमच्या खोलीचं रोजचं वागणं कळू द्या, मग आकडे ठरवा.

तीन बारकावे. सलग तीन रीडिंग वर आली तरच अलर्ट, एकावर नाही. २८ ला अलर्ट आला तर तो २६ ला आल्यावरच मिटवा, नाहीतर २७.९ आणि २८.१ च्या मध्ये हेलकावे खात रात्रभर मेसेज येत राहतील. आणि वेग बघा, दहा मिनिटांत तीन अंश वाढले तर आकडा २५ असला तरी ओरडायचं, कारण तो कुठे चाललाय ते दिसतंय.

पायरी ८: मेसेज तुमच्यापर्यंत

टेलिग्राम सगळ्यात सोपं. ॲपमध्ये बॉटफादर शोधा, त्याला नवीन बॉट मागा, तो एक लांबलचक टोकन देतो. एक ग्रुप बनवा, त्यात बॉटला घ्या आणि ऑफिसातल्या दोन माणसांनाही घ्या. ग्रुपचा आयडी उणे चिन्हाने सुरू होतो, ते चिन्ह कॉपी करायला विसरलात तर मेसेज जात नाही आणि का जात नाही ते शोधण्यात माझा एक अख्खा रविवार गेलाय. आर्डुइनोसाठी युनिव्हर्सल टेलिग्राम बॉट नावाची लायब्ररी तयार आहे. बोर्ड सुरू झाल्यावर आधी एनटीपीवरून, म्हणजे इंटरनेटवरून घड्याळ लावून घ्या, नाहीतर ते १९७० पासून सुरू होतं आणि टेलिग्रामच्या सुरक्षित कनेक्शनसाठीची सर्टिफिकेटची तपासणी फसते.

टोकन म्हणजे किल्ली. गिटहबवर, म्हणजे कोड सगळ्यांना दाखवायच्या साईटवर, कोड टाकताना त्यात टोकन ठेवू नका, मदत मागताना स्क्रीनशॉटमध्ये दाखवू नका.

बरेच जण विचारतात की बाहेरून बघायला राऊटरमध्ये पोर्ट (बाहेरून आत यायचं दार) उघडू का. नका उघडू. आपला बोर्ड आतून बाहेर बोलतोय, बाहेरून आत कोणी यायची गरजच नाही. तसंही आपल्याकडच्या बऱ्याच ब्रॉडबँडवर स्वतःचा पब्लिक आयपी (इंटरनेटवरचा स्वतंत्र पत्ता) मिळत नाही त्यामुळे पोर्ट उघडूनही उपयोग शून्य. जमलं तर बोर्डला गेस्ट वाय-फायवर टाका, सर्व्हरच्या नेटवर्कमध्ये त्याचं काय काम.

ग्राफ बघायला थिंगस्पीक (रीडिंग साठवून ग्राफ दाखवणारी वेबसाईट) शिकण्यापुरतं छान आहे, दर १५ सेकंदांनी एक रीडिंग घेतं, पण त्याचा फुकट प्लॅन व्यावसायिक कामासाठी नाही, ऑफिसच्या कामाला पैसे भरा किंवा स्वतःचं ग्राफाना (ग्राफ दाखवणारं सॉफ्टवेअर) लावा. अलर्टसाठी ग्राफ लागत नाही, पण "गेल्या मे महिन्यात काय होतं" हे मॅनेजमेंटला दाखवून नवा एसी मंजूर करून घ्यायला ग्राफसारखं शस्त्र नाही.

रात्री फोन सायलेंट असतो हे विसरू नका. त्या ग्रुपला वेगळा, कर्कश आवाज लावा आणि डू नॉट डिस्टर्बमधून सूट द्या. एसएमएस पाहिजे असेल तर गेटवेवाल्यांकडे जावं लागतं आणि त्यासाठी डीएलटी रजिस्ट्रेशन (एसएमएस पाठवणाऱ्या संस्थेची टेलिकॉम कंपनीकडे नोंदणी), टेम्प्लेट मंजुरी अशी सगळी यात्रा आहे, एका खोलीसाठी मला ते परवडत नाही.

पायरी ९: आणि मेसेज आलाच नाही तर?

ही पायरी वगळायची असेल तर आधीच्या आठ केल्याच नाहीत असं समजा.

मेसेज नाही म्हणजे सगळं ठीक, असं आपण धरून चालतो. पण ब्रॉडबँड गेलं तरी मेसेज नाही, बोर्ड हँग झाला तरी नाही, कोणी चार्जर काढून तिथे मोबाईल लावला तरी नाही (झालंय). पहारेकरी झोपला आणि पहारेकरी शांत आहे, दोन्ही लांबून सारखंच दिसतं.

यावर उपाय म्हणजे उलटा अलार्म. हेल्थचेक्स डॉट आयओ नावाची सेवा आहे, ती तुम्हाला एक पत्ता देते, बोर्डने दर पाच मिनिटांनी त्या पत्त्यावर टकटक करायची, आणि पंधरा मिनिटं टकटक ऐकू आली नाही तर ती सेवा तुम्हाला मेसेज करते. फुकट प्लॅनमध्ये २० चेक मिळतात, भरपूर झाले. तुमचा स्वतःचा क्लाऊडवर सर्व्हर असेल तर अपटाइम कुमा नावाचं पाळत ठेवणारं सॉफ्टवेअर टाका, त्यात पुश नावाचा प्रकार हेच काम करतो. अट एकच, हा ऐकणारा कान ऑफिसच्या बाहेर पाहिजे. त्याच रॅकमधल्या मशीनवर अपटाइम कुमा टाकून निर्धास्त झोपणारा एक मित्र आहे माझा, त्याला हात जोडले मी.

बोर्ड, राऊटर आणि फायबरचा तो छोटा डबा, तिन्ही यूपीएसवर घ्या. राऊटर बरेचदा रिसेप्शनला साध्या प्लगवर असतो, लाईट गेली की तोच आधी मरतो आणि नेमकं तेव्हाच आपल्याला मेसेज हवा असतो. प्रोग्राममध्ये हेही घाला की दहा मिनिटं वाय-फाय मिळालं नाही तर बोर्डने स्वतःला रिस्टार्ट करावं.

पायरी १०: लाईट गेल्याचं आधी कळू दे

हे मी नंतर शिकलो आणि आता सगळीकडे लावतो. एक वेगळा मोबाईल चार्जर यूपीएसवर नाही तर साध्या प्लगमध्ये लावा, एसीच्याच लाईनवर मिळाला तर उत्तमच. त्याचे ५ व्होल्ट थेट ईएसपी३२ ला देऊ नका, पिन जळेल, दोन रेझिस्टर लावून ३.३ वर आणा: ५ व्होल्टकडून १० किलोओहम, पुढे ग्राउंडकडे २० किलोओहम, आणि दोघांच्या मधला सांधा पिनला. चार्जरचं ग्राउंड बोर्डच्या ग्राउंडला जोडायचं, ते राहिलं तर काहीच वाचता येत नाही. २३० व्होल्टला मात्र कुठेही हात लावायचा नाही, चार्जर उघडायचा नाही, जे करायचं ते बाहेर आलेल्या ५ व्होल्टवर.

आता लाईट गेली की मेसेज, आली की मेसेज. आणि लाईट आल्यावर दहा मिनिटांत एसीच्या तोंडाचा सेन्सर थंड झाला नाही तर तिसरा मेसेज, "लाईट आली पण एसी सुरू झाला नाही". दहा मिनिटं अशासाठी की स्टॅबिलायझर लाईट आल्यावर तीन-चार मिनिटं थांबूनच एसीला वीज देतो. त्या अकोल्याच्या शनिवारी हा एक मेसेज असता तर दोन मिनिटांचं काम होतं.

पायरी ११: मुद्दाम एसी बंद करून बघा

शनिवारी दुपारी, ऑफिस रिकामं असताना, एक माणूस खोलीत उभा करा, तुम्ही घरी बसा. एसी बंद करायला सांगा, दार लावून घ्या, घड्याळ लावा. २४ चे ३२ व्हायला किती मिनिटं लागली ते लिहून ठेवा, आणि ३३ ला थांबवा. आमच्याकडे मे महिन्यात तेवीस मिनिटं लागली, डिसेंबरमध्ये पन्नासच्या आसपास. या एका आकड्यावर बाकी सगळं ठरतं. तेवीस मिनिटं असतील तर पहिला फोन शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या आयटीवाल्याला करून काय उपयोग, तो गाडी काढेपर्यंत खेळ खलास, पहिला फोन खालच्या वॉचमनला.

मग बाकीच्या परीक्षा, बोर्डचा चार्जर काढा, राऊटर बंद करा, सेन्सरची वायर उपटा, प्रत्येक वेळी बरोबर तो मेसेज बरोबर माणसाला गेला का बघा. दर तीन महिन्यांनी परत, निदान एप्रिल लागायच्या आधी तरी नक्की.

थोडं पुढचं

एसी घरबसल्याच चालू करायचा मोह होतो आणि जमतोही, ईएसपी३२ ला इन्फ्रारेड एलईडी लावून रिमोटचा सिग्नल पाठवता येतो, त्यासाठी लायब्ररी आहे आणि बऱ्याच एसी कंपन्यांचे रिमोट तिला ओळखता येतात. पण एसी उलट उत्तर देत नाही, सिग्नल पोचला की नाही ते फक्त ब्लोअरच्या सेन्सरवरून कळतं. त्यामुळे आधी माणसाची साखळी पक्की करा, मग ही चैन. त्याहून सरळ उपाय म्हणजे पुढच्या वेळी एसी घेताना ऑटो रिस्टार्ट आहे का विचारून घ्या आणि दुकानातच प्लग काढून परत लावून बघा. बजेट असेल तर एका मोठ्याऐवजी दोन छोटे एसी, वेगवेगळ्या एमसीबीवर.

३८ ला शटडाऊनचं मी म्हटलं ते आयपीएमआयच्या आकड्यावर सर्व्हरवरच एक छोटी स्क्रिप्ट ठेवून करतो, बोर्डच्या भरवशावर नाही. आधी व्हर्च्युअल मशीन (सर्व्हरच्या आत चालणारे आभासी कॉम्प्युटर), मग होस्ट (तो खरा सर्व्हर), एनएएस सगळ्यात शेवटी, कारण बाकीचे त्याच्यावर लिहीत असतात.

पावसाळ्यात एसीचं पाणी जाणारा पाईप तुंबतो आणि पाणी आत ठिबकतं, रॅक एसीच्या बरोबर खाली असेल तर सरकवा, आत्ताच सरकवा.

शेवटचं सामान म्हणजे एक कागद. मी तो लॅमिनेट करून सर्व्हर रूमच्या दारावर बाहेरून चिकटवतो, मोठ्या मराठी अक्षरात. चावी कुठे आहे. एसीचा रिमोट कुठे आहे (दोऱ्याने भिंतीला बांधलेला, नाहीतर तो साहेबांच्या केबिनमध्ये जातो). रिमोट चालला नाही तर एसीवरचं बटण कुठे. एसी दोन्ही प्रकारे लागला नाही तर दार उघडा, टेबल फॅन आत तोंड करून लावा, आणि या नंबरवर फोन करा, रात्री कितीही वाजले असले तरी. वॉचमन काकांना एकदा सोबत घेऊन हे सगळं त्यांच्याच हाताने करून घेतलं. रिमोटमधले सेल दर दिवाळीला बदलायचे, ही ओळ त्यांनी स्वतः पेनने खाली लिहिली आहे.